‘मात करणें’

‘मात करणें’ हें क्रियापद आपण बुद्धिबळाच्या पटावरून उचललें. फारशींत ‘शाह मात’ म्हणजे राजा निरुपाय झाला. मात झालेला राजा मारला जात नाहीं. त्याला जावयास घर उरत नाहीं, इतकेंच. ‘मागें टाकणें’ हें वाटेवरचें. मागें पडलेलाही उशिरां कां होईना, मुक्कामास पोंचतो. रोगावर किंवा संकटावर मात करावी, हें ठीकच. त्यांना घर उरूं नये हीच आपली इच्छा असते. पण शिष्यानें गुरूवर मात केली, असें कौतुकानें म्हणतात, तें खटकतें. गुरूला अडवून शिष्य पुढें जात नाहीं. बहुधा वाट त्यानेंच दाखविलेली असते. आणि ‘सोबत्यांवर मात कर,’ असें परीक्षेपूर्वीं मीही मुलाला सांगितलें आहे. त्या सोबत्यांना कोणतें घर उरेल, हें तेव्हां मनांत आलें नाहीं.