वाट बंद करताना

राष्ट्राला आपली सीमा राखण्याचा हक्क आहे, हे कोणी नाकारीत नाही. परंतु सीमेवरून जाणारी वाट बंद करताना तिच्यावरून कोण ये-जा करीत होते, हे पाहण्याचे कर्तव्यही त्या हक्काबरोबर येते काय? गोव्याच्या इतिहासाने हा प्रश्न आपल्यापुढे एकदा ठेवला आहे.

मुरगाव बंदरातून निघून दूधसागरच्या घाटाने कॅसलरॉकला पोहोचणारा लोहमार्ग १८८८ साली पुरा झाला. एका बाजूस पोर्तुगीज सत्ता, दुसऱ्या बाजूस ब्रिटिश. जकातीची तपासणी होई, तरी गाडी चाले. गोव्याची माणसे पोटासाठी मुंबईस येत. कोणी आगबोटीवर खलाशी, कोणी आचारी, कोणी वादक. गावागावांच्या नावाने त्यांच्या ‘कुडी’ मुंबईत उभ्या राहिल्या. फेस्ताला, लग्नकार्याला ही माणसे गावी परतत.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारताने सीमा बंद केली व गाडी थांबली. त्यामागील संताप न्याय्य होता, याविषयी आम्हांस संदेह नाही. परंतु परिणाम काय झाला? रूळ तेच, अंतर तेच, वाहतूक मात्र नाहीशी झाली. घाटावरचा माल येईना, तेव्हा बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून समुद्रमार्गे येऊ लागले. खनिजाच्या निर्यातीने सरकारी तिजोरीलाही आधार दिला. सत्ता हटली ती डिसेंबर १९६१ च्या लष्करी कारवाईने, गाडी थांबल्यामुळे नव्हे.

मालाला दुसरी वाट सापडली. कुडीत राहणाऱ्या मुलाला गावी अंथरुणाला खिळलेल्या आईऐवजी दुसरी आई कोठून मिळणार होती?

ती सीमा आता उरलेली नाही, पण प्रश्न उरला आहे. १९७६ साली सुरू झालेली समझौता एक्सप्रेस आणि १९६५ च्या युद्धात तुटून २००६ साली पुन्हा जोडलेल्या मुनाबाव-खोक्रापार मार्गावरील थर एक्सप्रेस, या दोन्ही गाड्या ऑगस्ट २०१९ मध्ये बंद पडल्या. त्यांतून प्रवास करणाऱ्यांत फाळणीने विभागलेली कुटुंबे होती.

शासनाला कधी माल अडवावा लागेल. शस्त्रे तर अडवावीच लागतील. परंतु आजाऱ्याला भेटावयास, मृताला मूठमाती द्यावयास निघालेल्याचा विचार मालाच्या डब्याबरोबर करता येत नाही. तपासणी हवी तितकी कडक असावी. त्याच्यापुरते दार मात्र उघडे ठेवावे, असे आम्हांस वाटते.