सोबत्याचा हात



कृष्णजन्माची कथा ऐकताना आपण पहारेकऱ्यांपाशी कधी थांबत नाही. योगमायेने त्यांना झोप लागली, दारे उघडली, वसुदेव बाळाला घेऊन यमुनेकडे निघाला आणि आपले मनही त्याच्यामागे गेले. त्या पहारेकऱ्यांचे सकाळी काय झाले असेल, हे कोण विचारतो? आज त्यांच्या वाटेने आजही चालणाऱ्यांविषयी, म्हणजे कारागृहात सेवा करणाऱ्या बंधू-भगिनींविषयी थोडे चिंतन करू.

कारागृहाच्या आत बराकीकडे जाणारा शिपाई सहसा बंदूक नेत नाही. शस्त्र हिसकावले गेले तर अनर्थ व्हायचा. हातात फार तर काठी आणि जवळ शिट्टी. मुख्य दरवाजाला दोन फाटके असतात. बाहेरचे बंद झाल्याशिवाय आतले उघडायचे नाही. त्या दोहोंच्या मधे उभे असताना किल्ली दुसऱ्याच्या हाती असते. 2016च्या आदर्श कारागृह नियमावलीत दर सहा बंद्यांमागे एक पहारेकरी सांगितला आहे. प्रत्यक्षात किती असतात, हे तिथे नोकरी करणाऱ्या एखाद्या दादांना किंवा ताईंना विचारून पाहा. शिट्टी वाजली की आपली माणसे धावत येतील, एवढ्या भरवशावरच तो पुढचे पाऊल टाकतो. आपण ध्यानाला बसून ज्या समर्पणाचा अभ्यास करतो, ते त्याला रोज पाळीवर जाताना करावे लागते.

पाळी बदलताना बंद्यांची मोजणी होते. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. तिजोरीची किल्ली आणि हिशोबाची वही एकाच माणसाकडे देऊ नये, असे आम्हाला शिकवतात. वरवर हा अविश्वास वाटतो. पण दुसऱ्याने पडताळलेला हिशोब प्रामाणिक माणसाचे रक्षणच करतो.

मात्र याच भरवशात एक मोठा धोका लपलेला आहे. सोबती एखाद्या बंद्यावर विनाकारण हात उचलतो, किंवा पैसे घेऊन काही वस्तू आत जाऊ देतो. बाकीचे मान वळवतात. ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून, आणि मनात एक भीतीही असते : उद्या मी शिट्टी वाजवली आणि हा आलाच नाही तर? ही भीती खोटी नाही. घरी बसून तिला भित्रेपणा म्हणणे सोपे आहे.

पण ज्याच्यावर आपला जीव अवलंबून आहे, त्याला पापाच्या खड्ड्यात उतरताना बघत राहणे याला सोबत म्हणावी का? मार खाणाऱ्या बंद्यातही तोच आत्मा आहे. आणि मारणारा स्वतःसाठी जे कर्मबंधन बांधतो आहे, ते कोणत्याही किल्लीने उघडत नाही. म्हणून अशा वेळी आधी त्याचा हात धरावा. “दादा, तुम्ही जरा चहा घेऊन या, इथे मी बघतो,” एवढे म्हटल्यानेही पुष्कळदा राग उतरतो. नंतर एकांतात बोलावे, त्याच्या घरचे काय चालले आहे ते ऐकावे. त्या भिंतींच्या आतला ताण तिथल्या माणसाइतका दुसऱ्या कुणाला कळत नाही. तरीही प्रकार थांबला नाही, तर वरिष्ठांना सांगावे. त्याला दगा म्हणू नये.

दिल्लीच्या तिहार कारागृहात 1993मध्ये विपश्यनेचे शिबिर झाले आणि एप्रिल 1994मध्ये हजाराहून अधिक बंदी एका मोठ्या शिबिरात बसले. हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. कारागृहातील काही अधिकारीही अशा शिबिरांना बसले होते. दहा दिवस मौन, ड्युटी नाही. त्या दहा दिवसांत त्यांच्या जागी रात्रीच्या पाळीला कुणीतरी उभे राहिले असणारच.