विवाहाचे साक्षी कोण?

समुद्राच्या वाळूवर मांडव घालून लग्न लावावें, वधूवरांच्या पाठीशीं मावळता सूर्य असावा आणि पुढें मोजके पाहुणे बसावे, अशी हौस हल्लीं शहरांतून खेड्यांकडे येऊं लागली आहे. गोव्याकडील व अलिबागेकडील अशा लग्नांचीं चित्रें फोनवरून गंगाखेड तालुक्यांतील राणीसावरगांवापर्यंत सहज पोंचतात. तेथून कोंकणचा किनारा चारशे किलोमीटरांहूनही दूर आहे. आमच्या गोदावरीचें पाणीदेखील तिकडे न जातां पूर्वेस बंगालच्या उपसागरास मिळतें. तथापि किनारा दूर आहे एवढ्यावरून ही हौस वाईट ठरत नाहीं. विचार करावयाचा तो असा कीं, विवाह पवित्र होतो तो कशानें, आणि त्याची जबाबदारी कोणावर असते?

प्रथम स्थळाविषयीं पाहूं. कित्येक वडील माणसें म्हणतात कीं, उपासनामंदिराबाहेर लग्न लावणें हाच अधर्म. हें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. प्रभूनें गालील समुद्राच्या कांठीं तारवांत बसून लोकांस शिक्षण दिलें. काना गांवच्या ज्या लग्नास तो गेला त्याच्या वृत्तांतांत मंदिराचा उल्लेख नाहीं. १८७२ सालचा ख्रिस्ती विवाहाचा कायदा पाहिला तर मंदिरांतच लग्न लावण्याची अट त्यांत चर्च ऑफ इंग्लंडच्या पाळकांपुरती आहे; आणि पांच मैलांच्या आंत त्यांचें मंदिर नसल्यास, अथवा विशेष परवाना मिळाल्यास, तीही सुटते. तेव्हां वाळूवर लग्न लावल्यानें तें अपवित्र होत नाहीं, व मंदिरांत लावल्यानेंच पवित्रही होत नाहीं.

मग कायदा आग्रह कशाचा धरतो? देशी ख्रिस्ती लोकांच्या लग्नाविषयीं त्यांत जो भाग आहे त्याप्रमाणें वर २१ वर्षांचा व वधू १८ वर्षांची झालेली असावी. दोघांपैकीं कोणाची पत्नी अथवा पति हयात नसावा. आणि परवाना असलेल्या मनुष्यासमोर, व त्याच्याखेरीज निदान दोन विश्वासू साक्षीदारांसमोर, देवाच्या समक्ष व ख्रिस्ताच्या नांवानें आपण एकमेकांचा स्वीकार करितों असें दोघांनीं बोलून दाखवावें. ह्यांत वाजंत्रीचें नांव नाहीं, जेवणावळीचें नाहीं. साक्षीदारांचें मात्र आहे. रूथच्या पुस्तकांतही असेंच आढळतें. बवाजानें रूथेस पत्नी करून घेतलें तें गांवच्या वेशींत, दहा वडिलांस बसवून व लोकांस साक्षी ठेवून. तेच वडील दुसऱ्या दिवशीं, आणि पुढें जन्मभर, त्याच वेशींत त्याला भेटणार होते.

साक्षी आणि प्रेक्षक ह्यांत फार अंतर आहे. प्रेक्षक जेवून निघून जातो. साक्षीदारावर मात्र, नवरा दारू पिऊन हात उगारूं लागला, किंवा सासरचीं माणसें माहेराहून पैसे आण म्हणून सुनेस छळूं लागलीं, तर उठून त्या दाराशीं जाण्याचें ओझें असतें. "तूं आमच्यासमोर वचन दिलें आहेस" असें त्याला म्हणतां येतें. आमच्या भागांत दसऱ्यानंतर कित्येक घरें ऊसतोडीस जातात. तेथें नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो आणि महिनेच्या महिने कोपींत राहून त्यांस संसार करावा लागतो. मागें त्यांचीं मुलें कोण संभाळतो? आजी, चुलती, शेजारीण. ज्यांच्या आधारावर तो संसार चालावयाचा, त्यांनाच लग्नास येतां येऊं नये हें आम्हांस बरें दिसत नाहीं.

ह्यावर तरुणांचें उत्तर असतें कीं, "गांवचे लोक जेवावयास येतात व नांवें ठेवून जातात. वीस माणसें घेऊन समुद्रावर गेलों तर खर्च तरी वांचतो." ह्यांत तथ्य आहे. मुकादमाकडून उचल घेऊन पांचशें पानें उठविलीं, तर नव्या जोडप्याची पुढच्या हंगामाची मेहनत लग्नाच्या दिवशींच विकली जाते. असें लग्न गांवांत झालें म्हणून चांगलें झालें, असें आम्ही म्हणणार नाहीं. १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापून जोतीराव फुले ह्यांनीं थोड्या खर्चाचीं लग्नें लावण्याचा मार्ग दाखविला. तो धडा आमच्या मंडळ्यांसही घेण्यासारखा आहे. परंतु तीं वीस माणसें कोणतीं, हेंही विचारलें पाहिजे. समुद्रावर जाण्यास गाडीभाडें लागतें, तीन दिवसांची मजुरी बुडते. म्हणून नोकरीवाला चुलतभाऊ जातो, आणि मजुरी करणारा मामा व गुडघे दुखणारी आजी मागें राहतात. जे परतफेड करूं शकत नाहींत त्यांस मेजवानीस बोलवा, असें ज्या प्रभूनें शिकविलें, त्याच्या नांवानें होणाऱ्या लग्नांत गाळणी नेमकी गरिबांचीच व्हावी काय?

शिवाय किनारा ओसाड नसतो. तेथें कोळ्यांच्या होड्या व जाळीं असतात. किनाऱ्यावरील गांवांत जन्मलेल्या जोडप्यास ती वाळू म्हणजे घरचें अंगणच. त्यांचें तेथील लग्न गांवचेंच लग्न होय, व त्याविरुद्ध आमचें कांहीं म्हणणें नाहीं. परंतु परक्यानें जातांना जपून जावें. रत्नागिरी जिल्ह्यांत वेळास येथें हिवाळ्यांत समुद्री कांसवें वाळूंत अंडीं घालतात. पिलें उजेडाच्या दिशेनें समुद्राकडे धांवतात, आणि मांडवाच्या दिव्यांनीं तीं भलतीकडे वळतात. भरतीची वेळ रोज सुमारें ५० मिनिटांनीं पुढें सरकते. अमावास्या-पौर्णिमेस उधाण येतें.

एवढा विचार करूनही कोणास जावयाचेंच असेल तर त्यानें आधीं पाळकांस व मंडळीच्या वडिलांस विचारावें. वरील कायद्याप्रमाणें लग्न सामान्यतः सकाळीं ६ ते संध्याकाळीं ७ ह्या वेळांतच लागलें पाहिजे. मे महिन्याच्या मध्यानंतर मुंबईकडे सूर्य सातानंतर मावळतो, हें सूर्यास्ताची हौस असणारांनीं ध्यानांत ठेवावें. गोव्यांत पोर्तुगीज अमदानींतून आलेला नागरी कायदा चालतो. तेथील नोंदणीची चौकशी अगोदर करावी.

आमचें मत असें कीं, वचन आपल्या गांवीं, आपल्या माणसांसमोर, साध्या जेवणानें द्यावें. ज्या मुलीनें जन्मांत समुद्र पाहिला नाहीं तिला तो पाहावासा वाटणें ह्यांत पाप नाहीं. लग्नानंतर, कर्ज न काढतां, हातीं चार पैसे जमले म्हणजे नवऱ्यानें तिला तो अवश्य दाखवावा. आणि मागें राहिलेल्या आजीस एक शिंपला आणून द्यावा.