हिरकणी आणि धाराऊ

तिसऱ्या रात्री अडीच वाजता लेकीने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "आई, मला जमतच नाहीये गं." सिझेरियनचे टाके ओढत होते, पायांवर सूज होती आणि बाळ रडून रडून लालबुंद झालं होतं. दाराशी सिस्टर उभी होती. हातात स्टीलची वाटी, वाटीत पावडरचं दूध. "घाला चार चमचे, शांत झोपेल," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात माया होती. त्या रात्री त्या मजल्यावर तिच्याकडे अकरा बाळंतिणी होत्या आणि मदतीला एकच मावशी.

आम्ही ते दूध पाजलं. बाळ झोपलं. लेक मात्र भिंतीकडे तोंड करून पहाटेपर्यंत रडत राहिली.

या गोष्टीला आता तीन वर्षं होतील. त्या रात्रीबद्दल मी पुन्हा पुन्हा विचार करते, कारण तिथे जे घडलं त्याला पुढे सगळे जण 'तिने वरचं दूध द्यायचं ठरवलं' असं म्हणाले. तिने काय ठरवलं होतं? ती ग्लानीत होती. घरी सोडताना दिलेल्या कागदावर औषधांच्या यादीखाली पावडरच्या डब्याचं नाव आधीच लिहिलेलं होतं. आणि घरी बाळ बघायला आलेल्या बायकांचा पहिला प्रश्न होता, "दूध आहे ना अंगावर?" मुलगी कोणासारखी दिसते, वजन किती, हे सगळं नंतर.

आधी एक स्पष्ट सांगते. आईचं दूध हे बाळासाठी सर्वांत चांगलं अन्न आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पहिले सहा महिने फक्त तेच, पाणीसुद्धा नको, आणि पुढे वरच्या खाण्याबरोबर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते मला पटतं. म्हणूनच त्या रात्रीचा राग जात नाही. जे इतकं मोलाचं आहे, ते बाईला जमावं म्हणून तिच्याशेजारी बसायला कोणीच नव्हतं.

गाय व्यायली की आपल्याकडे चिकाचं किती कौतुक! शेजारीपाजारी वाटायचा, वेलदोडा-जायफळ घालून खरवस करायचा, लहान मुलांनी वडीसाठी भांडायचं. आणि बाईचा चीक मात्र पिढ्यान् पिढ्या पिळून टाकला गेला. माझ्या आजीच्या घरात तान्ह्याला पहिले तीन दिवस मधाचं बोट आणि गुळाचं पाणी. 'ते पिवळं दूध बाधतं' असं ती खात्रीने सांगायची. तिच्या मायेत काही कमी नव्हतं, तिला तसंच शिकवलेलं होतं. आता आपल्याला माहीत आहे की त्या चमचा-दोन चमचे चिकात बाळाला आजारांपासून वाचवणारी द्रव्यं ठासून भरलेली असतात, आणि पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी मावतंही जेमतेम तेवढंच. भरघोस दूध उतरायला तीन-चार दिवस लागतात, सिझेरियननंतर कधी आणखी एखादा दिवस. तोवर बाळाचं वजन थोडं उतरतं. हे एवढंच कोणी त्या रात्री माझ्या लेकीला सांगितलं असतं, तर 'माझ्यात काही नाहीच' ही भीती तिच्या मनात शिरली नसती.

दूध तयार होतं ते ओढलं जातं म्हणून. बाळाने जितक्या वेळा ओढावं तितकं शरीर पुढच्या वेळी तयार ठेवतं. दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावं लागतं, आणि त्यात रात्रीचं पाजणं फार महत्त्वाचं. अशा वेळी वाटीतलं दूध पोटभर गेलं की बाळ चार तास झोपतं, स्तनांना मागणीच पोचत नाही, दुसऱ्या दिवशी दूध आणखी कमी. मग वाटी मोठी होते. आठवडाभरात 'हिला दूधच नाही' हे खरं होऊन बसतं, आणि ते कसं खरं झालं याचा कोणी मागे वळून विचार करत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा २०१९-२१ चा अहवाल आहे. त्यानुसार देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यांत झाली, आणि जन्मल्यापासून तासाभरात आईच्या अंगावर पाजलं गेलेल्या बाळांचं प्रमाण ४१.८ टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मला ती खोली आठवते. डॉक्टर, यंत्रं, औषधं सगळं होतं. बाळ पुसून, गुंडाळून, नातेवाइकांना दाखवून, फोटो काढून झालं. आईच्या छातीशी ते पोचलं तेव्हा पाच तास उलटून गेले होते.

ही लेक १९९१ मध्ये झाली तेव्हा मी शाळेत शिकवत होते. तीन महिन्यांची रजा, त्यातले काही दिवस आधीच गेलेले. बाळ अडीच महिन्यांचं असताना मी रुजू झाले. चौथ्या तासाला छाती दगडासारखी व्हायची. पदर दुहेरी करून, पुस्तक छातीशी धरून मी फळ्यावर लिहायची. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेमागच्या खोलीत कडी लावून बेसिनमध्ये दूध पिळून टाकायची आणि नळ सोडून द्यायची, बाहेर कळू नये म्हणून. त्याच वेळी तीन किलोमीटरवर आमच्या घरी सासूबाई तिला मांडीवर आडवं घेऊन बोंडल्याने गाईचं दूध पाजत असायच्या, पाणी घालून, वावडिंग टाकून उकळलेलं. वर्षाच्या आत गाईचं दूध देऊ नका, असं आजचे डॉक्टर सांगतात, आणि ते बरोबर आहे. तेव्हा आम्हाला ते माहीत नव्हतं. बेसिनमध्ये जाणारं दूध बाटलीत साठवून घरी नेता येईल, हेही माझ्या कधी मनात आलं नाही. चौथ्या महिन्यात माझं दूध आटलं. त्याला मी कितीतरी वर्षं 'मी नोकरी निवडली' असं म्हणत आले. आता म्हणत नाही.

डब्यातल्या दुधाची मी शत्रू नाही. आई दगावलेली, आजारी असलेली, किंवा जिला खरोखरच दूध येत नाही अशा बाईच्या बाळासाठी काहीतरी हवं, या गरजेतून एकोणिसाव्या शतकात ते युरोपात निघालं. १८६७ मध्ये स्वित्झर्लंडच्या वेव्हे गावात हेन्री नेस्लेने बाळांसाठी दूध आणि पिठाची पूड विकायला काढली. बिघडलं ते पुढे, जेव्हा ज्यांना गरज नाही त्यांनाही ती पटवली जाऊ लागली. गरीब देशांतल्या दवाखान्यांत फुकट डबे वाटले गेले. डबा संपेपर्यंत आईचं दूध आटलेलं, विकतचा परवडत नाही म्हणून चमचाभर पावडरीत वाटीभर पाणी, आणि तेही गढूळ. मुलं जुलाबाने आणि उपासमारीने गेली. जगभर संताप उसळला, नेस्ले कंपनीच्या मालावर बहिष्कार पडला, आणि १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने या दुधाच्या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली. भारताने १९९२ मध्ये कायदाच केला. जाहिरात नाही, फुकट नमुने नाहीत, डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र नाही. हा फार चांगला कायदा आहे. आजही किराणा दुकानात मी तो डबा उचलते तेव्हा त्यावर बाळाचा फोटो नाही हे पाहून मला बरं वाटतं.

पण कायदा डब्याला आवरू शकतो, पाजायला शिकवू शकत नाही. आणि डब्याविरुद्धचा राग बघता बघता आईवर उतरतो, हे मी माझ्या घरात पाहिलं. विहीणबाईंनी प्रेमाने डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शतावरी कल्प असं सगळं पाठवलं. लेक खायची आणि दर घासाला हिशेब द्यावा लागतोय असं तिला वाटायचं. एकदा लाडू अर्धा ठेवून म्हणाली, "आई, एवढं खाऊनही नाही आलं तर?"

तेव्हा मी तिला धाराऊची गोष्ट सांगितली.

संभाजीराजांचा जन्म १६५७ चा, पुरंदरावरचा. बाळंतपणानंतर सईबाईंची प्रकृती ढासळत गेली, त्यांना पाजता येईना. तेव्हा पुरंदरच्या पायथ्याजवळच्या कापूरहोळची धाराऊ दूधआई म्हणून आली आणि तिच्या दुधावर बाळ वाढलं. दोन वर्षांनी सईबाई गेल्या. आपल्या इतिहासात सईबाईंना कोणी 'दूध न पाजलेली आई' म्हणून ओळखत नाही. त्यांना पाजता येत नव्हतं, एवढीच ती गोष्ट. राजाच्या घरीसुद्धा हे होऊ शकतं, आणि तेव्हा दुसरी बाई पुढे येते, हे त्या काळच्या माणसांना ठाऊक होतं.

धाराऊचं काम आजही चालू आहे. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्ध पेढी सुरू केली, आशियातली पहिली. ज्यांना जास्त दूध आहे त्या बाया ते देतात. ते साडेबासष्ट अंश सेल्सियसला अर्धा तास तापवून, तपासून, गोठवून ठेवतात आणि अपुऱ्या दिवसांच्या, किलो-सव्वा किलोच्या बाळांना नळीने थेंब थेंब देतात. आपलं दूध कोणाच्या पोटात गेलं हे देणारीला कळत नाही. अशा पेढ्या जिल्ह्याजिल्ह्यात हव्यात असं मला कळकळीने वाटतं. अंगावरचं दूध आणि डबा यांच्या मधली ही जागा आहे, आणि बहुतेक बाळंतिणींना ती आहे हेच ठाऊक नसतं.

आपण मात्र नाव घेतो हिरकणीचं. एसटी स्टँडवरच्या पाजण्याच्या खोलीला 'हिरकणी कक्ष' म्हणतो. आख्यायिका सगळ्यांना पाठ आहे. रायगडाखालच्या वाडीतली गवळण गडावर दूध विकायला गेली, दिवेलागणीला दरवाजे बंद झाले, आणि घरच्या तान्ह्यासाठी ती रात्री कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि जिथून ती उतरली तिथे बुरूज बांधला. लहानपणी ही गोष्ट ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. आता ऐकते तेव्हा मी बुरुजाशी थांबते. गडाच्या रक्षणासाठी तो हवाच होता. पण त्यानंतर उशीर झालेल्या बाईला ती वाटही राहिली नसणार. गड लढाईसाठी होता, त्याचे दरवाजे वेळेवर बंद व्हायलाच हवेत. आपल्या कचेऱ्यांच्या, कारखान्यांच्या दरवाज्यांना ती अडचण नाही.

२०१७ पासून कायद्याने सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळते. सव्वीस आठवडे म्हणजे नेमके सहा महिने. पण त्यातले आठ आठवड्यांपर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात, आणि ज्यांना आधी घ्यावेच लागतात त्यांचे नंतर तेवढे कमी. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं, असंही कायदा सांगतो. माझ्या लेकीच्या ऑफिसात दोनशे माणसं आहेत, पाळणाघर नाही. ती पंपाने दूध काढायची ते सर्व्हर रूमला लागून असलेल्या खोलीत, दाराला खुर्ची लावून. माझ्या प्रयोगशाळेपासून तिच्या सर्व्हर रूमपर्यंत तीस वर्षं गेली, आणि आतून लागणारी कडी तेवढी गेली. २०२३ च्या अधिवेशनात देवळालीच्या आमदार सरोज अहिरे तान्ह्या मुलाला घेऊन आल्या, तेव्हा विधानभवनातल्या हिरकणी कक्षात धूळ होती. कायदे करणाऱ्या बाईची ही गत.

आणि जिला कायदाच लागू नाही तिची? दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांत ओली बाळंतीण असते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. तिने घरी बसावं तर खाडा, खाड्याचे पैसे कापणार. बाळ बांधावर झोळीत, दोन मोळ्या बांधून झाल्या की ती येऊन पाजते, तोवर पाचटाची कूस बाळाला टोचत असते. पावडरचा चारशे ग्रॅमचा डबा तीन महिन्यांच्या बाळाला तीन-चार दिवस पुरतो. पाणी कॅनॉलचं, उकळायला सरपण नाही. तिला अंगावरच पाजायचं आहे, दुसरा विचारही तिच्यापुढे नाही. तिला हवा आहे तो सावलीतला अर्धा तास.

माझ्या लेकीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. नवव्या दिवशी स्तनपान शिकवणाऱ्या एक ताई घरी आल्या. पाऊण तास नुसत्या शेजारी बसून बघत होत्या. मग म्हणाल्या, बाळ फक्त बोंड धरतंय, भोवतीचा काळा भाग तोंडात जायला हवा. उशी हलवली, बाळाचं पोट आईच्या पोटाला लावलं, हनुवटी टेकवली. बाळाने ओढायला सुरुवात केली आणि घटाघटा गिळल्याचा आवाज आला. लेकीने माझ्याकडे पाहिलं, ते तोंड मी विसरणार नाही. तरी दूध पुरतं कधीच झालं नाही. बाळाची शू मोजून, वजन बघून डॉक्टरांनी सांगितलं की रात्रीचे दोन वेळ वरचं दूध द्यायलाच हवं. आठ महिने तसंच चाललं, थोडं अंगावरचं, थोडं डब्याचं. पोरगी छान वाढली.

पहाटे चारची पाळी माझी असे. पाणी उकळून ठेवलेलं, चमचा सपाट करून पावडर मोजायची, मांडीवर आडवं घेऊन वाटी-चमच्याने पाजायचं. लेक झोपलेली असायची, असं मला वाटे. एकदा अंधारातून तिचा आवाज आला.

"आई, धाराऊच्या स्वतःच्या बाळाला तेव्हा कोण पाजत होतं गं?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. वाटीत थोडं दूध उरलं होतं आणि नात तोंड उघडून वाट बघत होती.