शुद्धीचा अधिकार

मुलताईला उगम पावून, खानदेशाची काळी भुई भिजवीत, चांगदेवापाशी पूर्णेला पोटात घेऊन, सुमारे ७२४ किलोमीटरांची वाट संपविणारी तापी सुरतेखाली हजीऱ्यानजीक खंभातच्या आखाताला मिळते, तेव्हा ती महाभारतातली तपती, सूर्यकन्या आणि कुरूची माता म्हणून मिळते, की एका प्रचंड शहराचे सांडपाणी वाहून नेणारी मोरी म्हणून, हा प्रश्न श्रद्धावंताला अप्रशस्त वाटेल. परंतु लिंबायत-उधन्याच्या यंत्रमागांवर पोट भरणाऱ्या ज्या खानदेशी माणसाची गावाकडची नदी आणि इथली नदी एकच, त्याला तो टाळता येण्याजोगा नाही.

स्मृतिकारांनी तो फार सुलभ रीतीने निकालात काढला आहे. नदीला तिचा वेगच शुद्ध करतो, असे मनूच्या पाचव्या अध्यायातील मत आहे, आणि सह्याद्रीच्या एखाद्या खळाळत्या ओढ्याकाठी बसून वाचले तर ते पटतेही. हजीऱ्याला मात्र दिवसातून दोनदा भरती येते, तीही हिंदुस्थानातील सर्वांत उंच भरत्यांपैकी. ओहोटीच्या वेळी समुद्राच्या हवाली केलेले पाणी भरतीबरोबर मुखातून पुन्हा वर चढते. वरच्या अंगाला उकाईचे धरण १९७२ पासून पाणी अडवून उभे, खाली सिंगणपोरचा बंधारा. ज्या वेगावर स्मृतीचा सारा भरवसा, तो इथे उरतो कुठे?

मग शुद्धीचे काम मैलापाणी साफ करणाऱ्या हौदांकडे येते. १९१४ साली मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी जी रीत जाहीर केली, तिचे मर्म तत्त्वचिंतकाने मुद्दाम लक्षात घ्यावे असे आहे: मैलापाण्यात हवा खेळविली की त्यातलेच जंतू त्यातली घाण खाऊन वाढतात, त्यांचा गाळ तळाशी बसतो, आणि त्या गाळाचा काही भाग फेकून न देता नव्या मैलापाण्यात परत सोडावा लागतो, तो नसेल तर हौद निकामी. घाणीवर पोसलेला गाळच इथे शोधक ठरतो. सुरत महानगरपालिकेने २०१४ पासून बमरोलीला असे शुद्ध झालेले पाणी आणखी संस्कारून पांडेसऱ्याच्या रंगाई-छपाईच्या कारखान्यांना विकावयास घेतले, दररोज सुमारे ४ कोटी लिटर. म्हणजे शुद्धीला आता बाजारभावही आला.

पण घाण खाऊन शुद्ध करणारा तो गाळ असो वा आणखी कोणी, जो मलिनाला स्पर्श करतो तो मलिन होतो की नाही, या शंकेचे उत्तर आपल्या परंपरेत नाही असे नाही. महाभारताच्या ज्या आदिपर्वात तपतीचे आख्यान आहे, त्याच पर्वात भृगूने अग्नीला सर्वभक्षक होण्याचा शाप दिल्याची कथा आहे. अग्नीने यज्ञांतून अंग काढून घेतले, देवांची आणि ऋषींची तारांबळ उडाली, आणि ब्रह्मदेवाने तजवीज केली की तो काहीही भक्षो, त्याच्या ज्वाळांनी स्पर्शिलेले सारे शुद्धच होईल. (फिर्याद तातडीने ऐकली गेली, कारण हविर्भाग थांबले होते.) जे अग्नीला दिले, ते गटारात उतरणाऱ्या माणसाला कोणत्याही शास्त्राने दिले नाही. माझ्या मते आपल्या शुद्धिविचारातील ही केवळ उणीव नव्हे, अन्याय आहे. कारण तत्त्व ठाऊक असूनही ते लागू करण्याचे नाकारले गेले. २०१३ च्या कायद्याने त्या कामास मनाई केली, तरी माणसे अजूनही गटारात गुदमरून मरतात.

या कामाविषयीची एक जुनी हकीकत इथे आठवते. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात कोकणातील सत्याग्रही कैदी अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम मागितले आणि सरकारने ते नाकारले. त्यांनी उपोषण आरंभिले; डिसेंबरात येरवड्याहून गांधीही त्यात सामील झाले. एका उच्चवर्णीयाला मैला उचलू द्यावा की नाही, यावर दप्तरांतून गंभीर विचार झाला. ज्यांच्या माथी ते काम जन्माबरोबरच मारले होते, त्यांना ते मान्य आहे काय, हे मात्र कोणत्या कचेरीने कधी विचारले होते?