स्वमूल्यांकन आणि भरतीची वेळ

निवृत्तीनंतर माणसाने नर्मदा परिक्रमेस निघावे, याचे आपल्या माळव्यात कोणास नवल वाटत नाही. साठीचा गृहस्थ महिनोन्‌महिने पायी चालतो, पायांना फोड येतात, घरचे काळजीत असतात. तरी त्याच्या हेतूविषयी कोणी शंका घेत नाही. तोच गृहस्थ जर म्हणाला, की तरुणपणी सोडलेल्या शर्यतीत मी पुन्हा उतरणार आहे, तर मात्र आपण गालातल्या गालात हसतो. कष्ट दोहोंकडे सारखेच. परिक्रमेत घड्याळ नसते आणि क्रमांक नसतो, एवढ्यावरून एक पुण्य आणि दुसरा पोरखेळ ठरावा काय? हा प्रश्न आम्हांस पडला तो 2015 च्या एप्रिलमध्ये, इंग्लंडात रेडिंग येथे कन्येकडे मुक्कामास असताना.

रेडिंगवरून ईस्टरच्या सुट्टीत होड्यांची एक शर्यत जाते. विल्टशरमधील डिव्हायझेस या गावापासून लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलापर्यंत 125 मैल, म्हणजे सुमारे 200 किलोमीटर. पहिले 54 मैल केनेट अँड एव्हन कालव्याचे, पुढचे 54 थेम्स नदीचे, आणि टेडिंग्टनपासूनचे शेवटचे 17 मैल समुद्राच्या भरती-ओहोटीने हलणाऱ्या थेम्सचे. पाण्याची पातळी बदलण्यासाठी बांधलेली लॉक नावाची जलद्वारे वाटेत 77 ठिकाणी लागतात. तेथे उतरायचे, होडी उचलायची, काठाने धावायचे आणि पुन्हा पाण्यात सोडायची. 1948 साली डिव्हायझेसच्या रोव्हर स्काउटांनी हे अंतर 100 तासांच्या आत कापण्याची पैज 89 तास 50 मिनिटांत जिंकली, तेथून ही परंपरा सुरू झाली. 1979 मध्ये नोंदला गेलेला 15 तास 34 मिनिटांचा विक्रम पुढे अनेक दशके टिकून राहिला. अखंड वल्हवणाऱ्या सामान्य जोडीला मात्र दिवसभराचे श्रम संपवून सबंध रात्रही पाण्यावरच काढावी लागते.

आम्हांस सर्वांत विलक्षण वाटली ती या अखंड शर्यतीची सुरुवात. सर्वांसाठी एक शिट्टी वाजत नाही. प्रत्येक जोडी आपली निघण्याची वेळ आपणच ठरवते. टेडिंग्टनला लवकर पोहोचलात, तर चढती भरती तोंडावर येते. उशिरा पोहोचलात, तर ओहोटीचे पाणी निघून गेलेले असते आणि पुढचा मार्ग बंद होतो. म्हणून 108 मैलांना आपणांस नेमके किती तास लागतील याचा हिशेब आदल्या दिवशीच मांडावा लागतो. आम्ही राज्य शासनाच्या सेवेत तीस वर्षे गोपनीय अहवालातील स्वमूल्यांकनाचे रकाने भरले, पुढे इतरांचे तपासलेही. त्यांत कोणी स्वतःस मंद म्हणवून घेतल्याचे आम्हांस स्मरत नाही. वरिष्ठ थोडे कमी करतील, म्हणून आपण थोडे वाढवून लिहावे, असा अलिखित नियमच होता. (आम्हीही तो निष्ठेने पाळला.) टेडिंग्टनचे पाणी असली घासाघीस करीत नाही.

कन्येचे शेजारी बावन्न वर्षांचे, पेशाने शिक्षक. चोविसाव्या वर्षी त्यांनी ही शर्यत 20 तासांत पुरी केली होती. मग नोकरी, संसार, गुडघा. वल्हे अडगळीच्या खोलीत गेले. 2014 साली ते आपल्या भाच्यास जोडीला घेऊन पुन्हा उतरले. निघण्याची वेळ ठरवताना त्यांनी जुना वेग धरला आणि वयाचे म्हणून दोन तास त्यात मिळवले. ते दोन तास, त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, सभ्यतेपुरते होते. टेडिंग्टनला ते पोहोचले तेव्हा मार्ग बंद झालेला होता. 108 मैल वल्हवून दोघेही काठावर उतरले.

नव्याने शिकणाऱ्यावर हा प्रसंग येत नाही. अमेरिकेत मिशिगनच्या व्हर्लन क्रूगर यांनी चाळिशी उलटल्यावर प्रथम वल्हे हाती घेतले आणि 2004 मध्ये निधन होईपर्यंत सुमारे एक लाख मैल वल्हवले, असे सांगतात. त्यांच्यापाशी तरुणपणीचा कोणताच आकडा नव्हता. परतून येणाऱ्याच्या खिशात तो असतो, आणि माणूस त्यावरच कर्ज उचलतो.

कर्ज म्हटले की फेडणारा आला. येथे आम्हांस ययाती आठवतो. शुक्राचार्यांच्या शापाने जरा आली, तेव्हा त्याने पुत्रांकडे यौवन मागितले. यदूने नाकारले, पुरूने दिले. ययातीला आपण भोगलोलुप म्हणून दोष देतो, आणि तो योग्यच आहे. तथापि एक गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवली पाहिजे. त्याने स्वच्छ शब्दांत मागितले. काय द्यायचे आहे, हे पुरूला ठाऊक होते. आमच्या शेजाऱ्यांच्या भाच्याने सबंध हिवाळा थंड पाण्यात सराव केला तो मामाच्या आकड्यावर विसंबून, आणि आकडा खोटा असल्याचे त्याला 108 मैलांनंतर कळले. दोघांच्या होडीत आपल्याविषयीचा भ्रम हा खाजगी दोष राहत नाही.

मग घरी बसावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. ‘आता आपल्याकडून काय व्हायचे’ हेही स्वमूल्यांकनच आहे, आणि बहुधा तितकेच खोटे. फक्त त्यात आकडा खाली ओढलेला असतो. निवृत्तीनंतर आम्ही वयाच्या नावावर सोडून दिलेल्या गोष्टी मोजल्या, तर निम्म्या तरी निव्वळ आळसापायी सुटल्या आहेत. सकाळचे पोहणे हे त्यांतले एक. लोक त्याला समंजसपणा म्हणतात आणि आम्ही ती दुरुस्ती करीत नाही.

2015 साली शेजाऱ्यांनी सर्वांत आधी निघणाऱ्या मंद जोड्यांत आपले नाव घातले. भाचा पुन्हा आला होता. आपल्याला या वेळी विचारून आकडा ठरवला, असे त्याने आमच्या कन्येस आवर्जून सांगितले. रात्री आठच्या सुमारास, कालवा संपून थेम्स सुरू होते तेथे, आम्ही सपत्नीक कुडकुडत उभे होतो. शेजाऱ्यांच्या पत्नी सकाळपासून एकेक जलद्वार गाठीत मोटारीने येथवर आल्या होत्या. हातात कोरडे कपडे आणि डब्यातली गोड भाताची खीर. पुढे रात्रभर त्यांना हेच करायचे होते. आमच्या पत्नीने त्यांना विचारले, ‘‘तुम्हांला हे आवडते का?’’

त्या म्हणाल्या, ‘‘मी एका वर्षाला हो म्हटले होते. हे दुसरे.’’

एवढ्यात होडी आली. शेजारी उतरले ते वाकलेलेच. सरळ होण्यास त्यांना बराच वेळ लागला. खिरीचे चार चमचे त्यांनी उभ्याउभ्या खाल्ले, किती वाजले ते विचारले. पत्नीने वेळ सांगितली आणि ओला सदरा हातात घेतला. ‘‘हिशेबाबरहुकूम,’’ ते म्हणाले. त्यावर बाईंनी काही म्हटले नाही. होडी अंधारात गेली, तशा त्या पुढच्या जलद्वाराकडे जाण्यासाठी मोटारीची किल्ली शोधू लागल्या.