वाटे पाडणाऱ्याने शेवटी उचलावं

गव्हाण, उलवे, खारकोपर या पट्ट्यात ज्या नव्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, त्यांच्या तळमजल्यावरचे गाळे रिकामे असताना सगळे सारखेच दिसतात. पुढे शटर, मागे संडास, मध्ये कोरी फरशी. मग कुणीतरी गाळा भाड्याने घेतं. कस्टम क्लिअरिंगवाला, ट्रान्सपोर्टवाला, इस्टेट एजंट, सीए. पंधरा दिवसांत ऑफिस तयार.

त्या पंधरा दिवसांत कोऱ्या फरशीचं काय होतं, ते बघण्यासारखं असतं. सगळ्यात आधी केबिनची आखणी होते. उजेडाची, काचेजवळची जागा तिला जाते. उरलेल्या जागेत टेबलं बसतात, दोन रांगांत, पाठीला पाठ लावून. त्यातून जे उरतं त्यात पॅन्ट्री, आणि टॉयलेटचं दार थेट शेवटच्या टेबलाजवळ उघडतं. एसी बसतो तो कुणाच्या तरी डोक्यावर. बाहेर सिक्युरिटीवाल्या काकांसाठी प्लास्टिकची खुर्ची, तीही कुणाला आठवली तर.

इंटिरिअरची कामं करणारे याला 'ऑफिस प्लॅनिंगमधल्या चुका' म्हणतात. उजेड अडवणं, आवाजाचा विचार न करणं, खुर्च्यांवर पैसे वाचवणं, येण्याजाण्याच्या वाटा अरुंद ठेवणं, सामान ठेवायला जागाच न सोडणं. यादी बरोबर आहे. पण 'चूक' हा शब्द मला पटत नाही. चूक कुणाच्याही वाट्याला येऊ शकते. इथे ती दर वेळी त्याच माणसांच्या वाट्याला येते. निव्वळ चूक असती, तर कधीतरी टॉयलेटचं दार साहेबांच्या केबिनमध्ये उघडलं असतं.

ऑफिसचा आराखडा म्हणजे वाटणी असते. उजेड, हवा, शांतता, एकांत, पाठ टेकायची सोय या गोष्टी मोजक्या असतात आणि त्या माणसांत वाटल्या जातात. म्हणून हा प्रश्न सजावटीचा नाही, न्यायाचा आहे.

वाटणीसाठी आपल्याकडे एक जुना, साधा नियम आहे. भावाभावांत शेत वाटायचं असो की सणाला मटणाचे वाटे करायचे असोत, ज्याने वाटे पाडले त्याने शेवटी उचलायचं. मग उपदेशाची गरजच उरत नाही. आपल्या हाती कोणता वाटा उरेल हे माहीत नसलं, की हात आपोआप सरळ चालतो. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ साली 'अ थिअरी ऑफ जस्टिस' लिहिलं, त्यात केक कापण्याच्या उदाहरणातून हीच गोष्ट येते. पुढे त्यांनी ती अख्ख्या समाजाला लावून पाहिली. आपण श्रीमंत असू की गरीब, धडधाकट असू की अपंग, हे माहीत नसताना आपण कसला समाज आखू? तो न्याय्य.

हा प्रश्न गाळ्याला लावून बघा. यातली कोणती खुर्ची आपली हे माहीत नसताना ऑफिस आखायचं असेल, तर तुम्ही टॉयलेटचं दार कुठे काढाल?

आखणारा स्वतः बसला की काय होतं, याचा एक किस्सा वास्तुकलेच्या इतिहासात सांगतात. फ्रँक लॉइड राइट यांनी अमेरिकेत जॉन्सन वॅक्स कंपनीचं मुख्यालय बांधलं. ते १९३९ मध्ये पुरं झालं. तिथल्या कर्मचाऱ्यांसाठी त्यांनी तीन पायांची खुर्ची काढली. नीट ताठ बसलं नाही की ती कलंडायची. तक्रारी झाल्या, पण राइट बधेनात. मग म्हणे एकदा ते स्वतःच त्या खुर्चीवरून पडले, आणि खुर्चीला चौथा पाय आला.

बहुतेक वेळा आखणारा पडत नाही. एसीचंच घ्या. ऑफिसात किती थंडावा 'बरा', हे ठरवण्याचं गणित साठच्या दशकात तयार झालं. २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं, की त्या गणितात शरीरातून निघणाऱ्या उष्णतेचा आकडा एका सरासरी पुरुषाचा धरलेला आहे. बायकांच्या शरीरातून निघणारी उष्णता त्याहून कमी असते. म्हणजे भर मे महिन्यात स्टोल गुंडाळून बसलेली मुलगी नाजूक नाही, तिला त्या गणितात धरलेलंच नाही. भारतात १ जानेवारी २०२० पासून खोलीच्या नव्या एसींचं मूळ सेटिंग २४ अंशांचं झालं, ते विजेच्या बचतीसाठी. पण रिमोट कुणाच्या हातात, हा प्रश्न तसाच राहिला.

आणि ओपन ऑफिस. भिंती काढल्या की माणसं मोकळी बोलतील, अशी ही कल्पना. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी जर्मनीत श्नेले बंधूंनी ती मांडली, तेव्हा त्यात हेतू चांगला होता. साहेब आणि कारकून यांच्यातली भिंत पाडायची होती. अमेरिकेत रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी १९६८ मध्ये हलवता येणारी पार्टिशनं आणली, तीही काम करणाऱ्याला स्वतःची जागा स्वतः मांडता यावी म्हणून. कंपन्यांनी दोन्ही कल्पनांतून एकच सोयीचा भाग उचलला. कमी जागेत जास्त माणसं मावतात. प्रॉप्स्ट स्वतःही पुढे त्यावर नाराज होते. २०१८ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी दोन कंपन्यांत भिंती काढण्याआधी आणि काढल्यानंतर मोजमाप केलं. समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं, ईमेल आणि मेसेज वाढले. सगळ्यांच्या नजरेत बसलेला माणूस मोकळा होत नाही. तो हेडफोन घालतो.

इथवर निदान ज्यांना टेबल मिळालं त्यांचं बोललो. आराखड्यात ज्यांचा चौकोनच नसतो, अशीही माणसं असतात. सफाईवाल्या मावशी डबा कुठे खातात? वॉचमन काका बारा तास कशावर टेकतात? कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यावी, असं १९४८ चा फॅक्टरी कायदा सांगत होता. दुकानांतल्या कामगारांना तो हक्क मिळायला केरळमध्ये २०१८ साल उजाडलं, तेही कोळिकोडच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांनी लढा दिला म्हणून. तमिळनाडूने २०२१ मध्ये तसाच कायदा केला. विचार करा, खुर्चीसाठी कायदा करावा लागला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ५० कामगारांवर पाळणाघर आणि १०० कामगारांवर उपाहारगृह आहे. पण दहापेक्षा कमी माणसांच्या जागांना त्याने बऱ्याच गोष्टींतून मोकळं ठेवलं होतं. गाळ्यातलं ऑफिस बहुतेक तेवढंच असतं. म्हणजे तिथे काय व्हावं हे बरंचसं मालकाच्या मनावर आहे.

चौकोन नसलेलं आणखी एक माणूस म्हणजे काम घेऊन येणारा. राज्यातलं सगळ्यात मोठं ऑफिस बघा, मंत्रालय. जानेवारी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातले वृद्ध शेतकरी धर्मा पाटील संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठी तिथे खेटे घालून थकले आणि त्यांनी तिथेच विष घेतलं. काही दिवसांत ते गेले. त्यानंतर फेब्रुवारीत इमारतीच्या मधल्या मोकळ्या चौकात, कुणी वरून उडी मारली तर झेलायला, जाळी बांधण्यात आली. जाळीने जीव वाचतात, ती हवीच. पण डिझाइन म्हणून ती काय बोलते? माणूस वरून पडेल हे इमारतीने गृहीत धरलं, त्याचं ऐकून घेणारी खुर्ची मात्र वाढली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनीच आंदोलन म्हणून त्या जाळीवर उडी मारली. दाद मागायची जागा म्हणून जाळीच उरली.

गव्हाणच्या माणसाला हे नव्याने सांगायला नको. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांवर नव्या शहराचा आराखडा आला. रस्ते, सेक्टर, स्टेशनं सगळं होतं. जी माणसं आधीपासून तिथे राहत होती, ती कागदावर 'गावठाण' नावाच्या रेषेत मावली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. जासई परिसरातल्या गोळीबारात पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंड हा हक्क त्यातून आला. आखणाऱ्याने न विचारता वाटे पाडले की काय होतं, हे या मातीला ठाऊक आहे.

म्हणूनच आजचा प्रश्न इथे जास्त टोचतो. त्याच गावांतली पोरं आज गाळ्यांची मालक आहेत, कॉन्ट्रॅक्टर आहेत, ऑफिसं टाकतायत. पेन्सिल आता त्यांच्या हातात आली आहे. ज्यांच्या आजोबांना नकाशात धरलं नव्हतं, त्यांच्या नकाशात मावशींचा डबा आहे का?

मालक म्हणेल, भाडं मी भरतो, धोका माझा, मग चांगली जागा माझी का नको? हे म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. सगळ्यांना सारखंच मिळावं, असंही माझं म्हणणं नाही. पगाराचं बोलायला बंद दार लागतं, हिशेबाला शांतता लागते, गिऱ्हाईकाशी बोलायला आडोसा लागतो. कामामुळे पडलेला फरक समजण्यासारखा आहे. पण खिडकी पदासाठी राखून ठेवायचं कारण काय? उजेड पदाला नाही, डोळ्यांना लागतो. शिवाय दिवसातला निम्मा वेळ साहेब साइटवर असतात आणि ती खिडकी रिकाम्या खुर्चीला उजेड देत बसते.

पैशांचंही तेच. टॉयलेटचं दार दुसरीकडे वळवायला, एसीचा झोत फिरवायला, गेटवर पाठ असलेली खुर्ची ठेवायला जो खर्च येतो, तो दर्शनी भागातल्या चकचकीत पाटीपेक्षा क्वचितच जास्त असतो. प्रश्न आधी काय आठवतं याचा आहे.

दुसरी अडचण खरी आहे. 'मी त्यांच्या जागी असतो तर' असा विचार करताना माणूस त्या जागी स्वतःलाच बसवतो, पंचविशीतल्या, धडधाकट स्वतःला. मग म्हणतो, मला तर चाललं असतं. बरं, विचारायला जावं तर मावशी म्हणतात, "सगळं ठीक आहे साहेब." नोकरी ज्याच्या हातात, त्याला कोण खरं सांगणार? म्हणून नुसती कल्पना पुरत नाही आणि नुसतं विचारणंही. वाटे पाडणाऱ्याचा नियम इथेच कामाला येतो, कारण तो मनावर नाही, कृतीवर चालतो. फर्निचरवाल्याला शेवटचा हप्ता देण्याआधी मालकाने प्रत्येक जागी एकेक आख्खा दिवस काम करावं. टॉयलेटजवळच्या टेबलावर, एसीखाली, गेटवर. डबा पॅन्ट्रीच्या कोपऱ्यात उभ्याने खाऊन बघावा. आणि मगच स्वतःची जागा निवडावी, सगळ्यांची निवडून झाल्यावर.

तुम्ही मालक नसाल, तर बहुधा अशाच एखाद्या खुर्चीत बसून हे मोबाइलवर वाचत असाल. मान वर करून एकदा बघा, खिडकी कुणाकडे आहे, झोत कुणावर आहे, उभं कोण आहे. उद्या पेन्सिल तुमच्या हातात येईल, तेव्हा ते आठवायला हवं.